डाव्या वळणाचं प्रोटीन

वर्ग रिकामा असला तरी मी आवाज उतरवत नाही. इतकी वर्षं मागच्या बाकापर्यंत पोचवायची सवय. आता पुढच्या बाकावर दोन पोरी आणि खिडकीत एक कबुतर एवढंच असलं म्हणून काय कुजबुजायचं? डोंबिवलीच्या एका ज्युनियर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते. आमचा हजेरीपट भरलेला आहे, वर्ग नाही. मुलं ॲडमिशन आमच्याकडे घेतात आणि दिवसभर बसतात क्लासला, रस्त्यापलीकडच्या इमारतीत, एसीमध्ये. याला म्हणे इंटिग्रेटेड म्हणतात. आमच्याकडे ती थेट प्रॅक्टिकलच्या परीक्षेला उगवतात आणि जिन्यात मलाच विचारतात, "मॅम, बायोची लॅब कुठे आहे?" ज्या कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात घालून फिरतात त्याची लॅब कुठे हे विचारताना त्यांना काही वाटत नाही. मला वाटतं. पण मी आपली बोट दाखवते.

लॅबच्या शेजारी एक छोटी खोली होती. पूर्वी तिथे फुटक्या काचा आणि वाळलेली झाडं ठेवायचे. मी नोकरीला लागले त्याच वर्षी ती झाडून घेतली आणि तिथे मॉडेल्स मांडायला सुरुवात केली. सगळे तिला मॉडेलची खोली म्हणत. प्रोटीनची मॉडेल्स, बाकी कसली नाहीत. पेशी, हृदय, किडनी यांची प्लॅस्टिकची मॉडेल्स दुकानात मिळतात. प्रोटीन कोणी विकत नाही. म्हणजे विकतात, डब्यात, पण ते वेगळं. हल्ली प्रोटीन म्हणजे पावडरचा डबा नव्हे, हे सांगण्यातच माझी दहा मिनिटं जातात.

प्रोटीन म्हणजे खरं तर माळ. अमिनो आम्लांचे मणी एकापुढे एक ओवलेले. पण ओवून झालं की ही माळ सरळ राहत नाही. ती आपली आपण वळते, दुमडते, गुंडाळली जाते. जशी घडी पडेल तसं तिचं काम, आणि घडी बिघडली की काम बिघडलं. उकडलेलं अंडं परत कच्चं होत नाही ते याच्यामुळेच. पुस्तकात हे सगळं सपाट छापलेलं असतं. सपाट कागदावर घडी शिकवायची म्हणजे फोटो दाखवून पोहायला शिकवण्यासारखं आहे. म्हणून मी हाताला लागेल त्याची प्रोटीनं करत गेले. मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांचं इन्सुलिन केलं, दोन माळा आणि त्यांना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या सेफ्टी पिना. हिमोग्लोबिन चार रंगांच्या लोकरीच्या गुंड्यांचं. एका जुन्या सुती साडीला खळ घालून, तिच्या कडक निऱ्या काढून, त्या तशाच पुठ्ठ्यावर शिवून टाकल्या. माळेचे पदर शेजारीशेजारी येऊन जी पन्हाळीसारखी घडी पडते, ती. पुस्तकात तिला मोठं इंग्रजी नाव आहे. मी निऱ्या म्हणते. निऱ्या म्हटलं की पोरींना एका क्षणात कळतं, आणि पोरांना पोरी समजावून सांगतात. सांगायच्या.

आता नवऱ्याबद्दल लिहायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आम्ही दोघं कॉलेजात एका वर्गात होतो. पुढे मी जीवशास्त्राकडे गेले, तो रसायनशास्त्राकडे, आणि तो कल्याणच्या एका कॉलेजात शिकवायला लागला. एका वर्गातले म्हणून आमचं कायम अरेतुरे. माझ्या सासूबाईंना ते शेवटपर्यंत खटकलं. माझ्या मॉडेल्सना लागणारे अणू हा करून द्यायचा. रविवारी गॅलरीत वर्तमानपत्र पसरून थर्माकोलचे गोळे रंगवत बसायचा, कार्बन काळा, नायट्रोजन निळा, ऑक्सिजन लाल. गॅलरीतल्या फरशीवर ते लाल ठिपके अजून आहेत. आणि रंगवता रंगवता माझ्या चुका काढायचा. तोच त्याचा खरा छंद. अणू हे निमित्त.

माझी एक चूक ठरलेली होती. प्रोटीनच्या माळेचा जो सगळ्यात नेहमीचा पीळ असतो, जिन्यासारखा गोल गोल चढत जाणारा, तो उजवा असतो. निसर्गात जिथे बघाल तिथे उजवाच. आणि माझा हात, देव जाणे का, वायर गुंडाळायला घेतली की डावीकडेच वळायचा. मला करताना कळायचंच नाही. नवरा पलीकडे बसून बघत असायचा. उजव्या हाताची मूठ करून अंगठा वर धरायचा. अंगठा वर, म्हणजे माळ वर चढते आहे. चढताना ती बोटांच्या वळणाने गेली तर पीळ उजवा, त्याच्या उलट गेली तर डावा. एवढीच परीक्षा. मॉडेल उलटं धरलं, आडवं धरलं, कुठूनही बघितलं तरी निकाल बदलत नाही. साध्या स्क्रूचं करून बघा. माझं काम पुरं होईपर्यंत हा मुकाट बसायचा, आणि मग अंगठा वर करून म्हणायचा, "निघाली माहेरी."

त्याचं असं होतं. लग्नानंतरच्या आमच्या पहिल्या बिल्डिंगच्या फाटकातून बाहेर पडलं की उजवीकडे बाजार, दूधवाला, माझं कॉलेज, म्हणजे संसार. डावीकडे स्टेशन, आणि तिथून कळवा, माझं माहेर. आमचं भांडण झालं की मी पिशवी उचलायची आणि फाटकातून डावीकडे वळायची. हा वरून गॅलरीतून बघायचा. मी कुठे वळते त्यावरून त्याला भांडण किती मोठं झालं ते कळायचं. आणायला म्हणाल तर एकदाही आला नाही. मीच दोन दिवसांनी आईकडची वाल-पापडी घेऊन, काही घडलंच नाही अशा थाटात परत यायची. तेव्हापासून आमच्या घरात डाव्या वळणाला एकच शब्द होता. स्क्रू उलटा फिरला, वेणीचा पेड चुकला, उदबत्तीचा धूर डावीकडे वळला, काही झालं तरी हा म्हणणार, निघाली माहेरी. मी चिडून वायर उसवायची आणि पुन्हा गुंडाळायची.

दोन वर्षं झाली, तो गेला. आजारपण लहान होतं. त्याबद्दल मला लिहायचं नाही.

घरी आता माझं सगळं बरोबर असतं. भाजीत मीठ बरोबर, पंख्याचा वेग बरोबर, वर्तमानपत्रातल्या कोड्याची उत्तरं बरोबर. कोणी चूक काढतच नाही. लोक सांगतात, एकटेपणात घर खायला उठतं. माझं घर तसलं काही करत नाही. ते गप्प बसतं आणि मी म्हणेन त्याला हो म्हणतं. मला तेच सहन होत नाही. पहिल्या वर्षी मी मुद्दाम मोठ्याने काहीतरी चुकीचं बोलून बघायची. ऑक्सिजन निळा, म्हणायची. मग स्वतःचीच लाज वाटायची आणि जाऊन कुकर लावायची.

अशात जुलैमध्ये प्राचार्यांनी बोलावलं. माणूस वाईट नाही. माझ्याहून बराच लहान आहे, आणि संस्था वरून दाबते तसा खाली दाबतो, घरोघरी मातीच्या चुली. म्हणाले, "मॅडम, ती मॉडेलची खोली क्लासवाल्यांना हवी आहे. मुलांच्या समुपदेशनासाठी. तशी ती वापरात नाही."

"वापरात नाही म्हणजे? मी रोज उघडते."

"मुलं येतात का?"

मी खोलीची किल्ली पर्समध्ये टाकली.

"मुलं मोबाइलवर थ्रीडी बघतात, मॅडम. बोटाने प्रोटीन फिरवतात. थर्माकोल कोण बघणार?"

खोटं कशाला बोलू, मोबाइलवरचं मीही बघितलं आहे. फार सुंदर दिसतं. संशोधकांनी शोधलेली खरीखुरी प्रोटीनं, रंगीत फितींसारखी, हवी तशी फिरवा, जवळ आणा. फुकट. मी तरुण असते तर रात्रंदिवस तेच करत बसले असते. पण ते हाताला लागत नाही, आणि मुख्य म्हणजे त्यात चूक होत नाही. स्वतः वायर गुंडाळून चुकल्याशिवाय उजवं-डावं डोक्यात शिरत नाही, हे मी अनुभवाने सांगते. हे सगळं मी प्राचार्यांना ऐकवलं. जरा चढ्या आवाजातच ऐकवलं. त्यांनी घड्याळ बघत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डिसेंबरमध्ये प्रदर्शन आहे. क्लासची मुलंही येतील. एखाद्याने जरी तुमच्या मॉडेलकडे नीट बघितलं, काही विचारलं, तर खोली तुमची. मी संस्थेशी बोलतो."

एखाद्याने जरी! केवढी ही मेहेरबानी. पण बाहेर येऊन मी व्हरांड्यातच उभी राहिले. ती खोली म्हणजे आम्हा दोघांचं जे काही उरलं होतं ते. घरी त्याचे कपडे, चष्मा वगैरे आहेतच, पण कपडे भांडत नाहीत. त्या खोलीतली एकेक वस्तू भांडून तयार झाली होती. मला एक माणूस हवा होता. त्या मॉडेलांसमोर उभं राहून, बाई, हे चुकलंय, असं मला सांगणारा एक.

मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लिहिलं, मॉडेल बघायला या, दुपारी खोली उघडी असते. उत्तरं आली. सगळे अंगठे. पिवळे अंगठे, ओळीने. आला मात्र कोणी नाही. आमच्या वेळी अंगठा दाखवणं याचा अर्थ वेगळा होता. विचार केला तर तोच होता.

मग माझ्या डोक्यात आलं, काहीतरी मोठं करायला हवं. माणसाहून उंच. लांबून दिसलं पाहिजे, पोरांनी थांबलं पाहिजे. तो पीळच करू, एकच, पण धिप्पाड. आणि एवढा मोठा वळणदार ऐवज कोण घडवेल, तर गणपतीवाला. मोहन्याच्या रस्त्याला ज्या कारखान्यातून आम्ही दरवर्षी मूर्ती आणायचो, तिथे मी दसरा झाल्यावर गेले. कारखाना चालवणारे गृहस्थ तिथलेच, जुन्या शेतकरी घरातले. जमिनीवर आता इमारती उभ्या आहेत, मुलगा बिल्डरच्या भागीदारीत आहे, पण हे अजून हाताला माती लावल्याशिवाय जेवत नाहीत. सीझन संपल्यामुळे कारखाना रिकामा होता. कोपऱ्यात न विकलेले दोन गणपती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेले.

"ये गो बाय," ते म्हणाले. "सायेब गेलं, तवापासून देव नाय नेलास."

मी विषय बदलला आणि चित्र पुढे केलं. त्यांनी ते लांब धरून बघितलं. "ही कं सोंड हाय?"

"सोंड नाही, प्रोटीन."

"प्रोटीन त डब्यान येतं ना? आमचा नातू खातो."

बघा! मी कपाळाला हात लावला आणि तिथेच उभ्याउभ्या धडा घेतला. माळ सांगितली, पीळ सांगितला. आणि पीळ उजवा हवा, उजवाच हवा, हे दहादा सांगितलं. ते म्हणाले, "उजवा कोनाचा? देवाचा का बगनाऱ्याचा?" गणपतीच्या सोंडेचं तसं आहे खरं. देवाचं उजवं म्हणजे आपलं डावं, आणि त्यावरून घराघरात वाद. मी म्हटलं, इथे देव नाही आणि बघणाराही नाही, इथे अंगठा आहे. मूठ करून दाखवली. त्यांनीही मातीची मूठ करून अंगठा वर धरला, बोटं फिरवून बघितली आणि मान डोलावली. म्हणाले, "समजला. उजव्या वलनाचा." मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी माझा धडा शेवटपर्यंत ऐकला होता.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. टेम्पो आला तो प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी. पीळ इतका मोठा झालेला की खोलीच्या दारातून जाईना. उभा, आडवा, तिरका, सगळं करून झालं. शेवटी चार माणसांनी तो खोलीबाहेर, जिन्याच्या वळणावर उभा केला. पण दिसत काय होता! आत लोखंडी सळई, तिच्यावर काथ्या आणि प्लॅस्टर, आणि रंग असा की गणपतीच्या अंगाचा तो गुलाबी. नायट्रोजनचा निळा म्हणजे कृष्णाचा निळा, ऑक्सिजनचा लाल म्हणजे जास्वंदीचा. सगळ्यात वरच्या टोकाला त्यांनी न सांगता एक सोनेरी पट्टी मारली होती. मला हसू आलं. मी कौतुकाने दोन पायऱ्या मागे गेले, मूठ केली आणि अंगठा वर धरला.

बोटं एकीकडे वळत होती. प्रोटीन दुसरीकडे चढत होतं.

मी डोळे पुसून पुन्हा बघितलं. पायऱ्या चढून वरून बघितलं. वरून बघून काय होणार, मलाच माहीत होतं. मग डावी मूठ केली. ती बरोबर बसली. अख्खं, धिप्पाड, सोनेरी पट्टीचं ते प्रोटीन डावं होतं. फोन लावला तेव्हा मी रागाने लाल झाले होते. इतकं समजावून सांगितलं, तुम्ही मान डोलावलीत, आणि हे काय करून ठेवलंत?

पलीकडून शांतपणे उत्तर आलं. "बाय, मना समजलेला उजवा. पन उजव्या वलनाचा कडक असतो. सोवला पालाया लागतो. त्या कॉलेजान पोरा येनार, कोन हात लावनार, कोन चपला घालून जवल जानार. कोनाला काय झाला त तुज्यावर येल ना? आदीच तुजं कमी झालंय का? म्हनून डावा केला. डावा घरगुती. शांत."

मी हात टेकले. याला काय म्हणावं? त्या माणसाला सगळं कळलं होतं, आणि कळूनही त्याने माझ्या काळजीपोटी प्रोटीन शांत करून दिलं होतं. आभार मानून फोन ठेवला. शाळा-कॉलेजात कोणी इतका विचार माझा केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रदर्शन. बदलायला वेळ नव्हता. पण चुकीचं मॉडेल बरोबर म्हणून मांडायचं, ते माझ्याच्याने होणार नव्हतं. म्हणून एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "या प्रोटीनमध्ये एक चूक आहे. शोधा आणि मला सांगा." पुठ्ठा पिळाच्या पायाशी टेकवून ठेवला. म्हटलं, हे उलट बरंच झालं. एका तरी पोराला सापडेल. प्राचार्यांना समोर उभं करून सांगेन, बघा.

गर्दी झाली, नाही असं नाही. क्लासने मुलं खरंच पाठवली होती, सगळी क्लासचे निळे टीशर्ट घालून. पिळासमोर रांग लागली. सेल्फीसाठी. "ए, डीएनए बघ, डीएनए!" जो येई तो डीएनए म्हणे. मी प्रत्येकाला सांगत होते, डीएनए नाही, प्रोटीन, पुठ्ठा वाच. काही जणांनी वाचला. एकाने सांगितलं, "मॅम, चूक म्हणजे स्पेलिंगची ना?" स्पेलिंग कुठे होतं तिथे, डोंबल! एक आई म्हणाली, रंग फार भडक आहेत. दुसऱ्या कॉलेजचे जीवशास्त्राचे एक प्राध्यापक आले. त्यांच्याकडे मी आशेने बघत राहिले. ते पिळाभोवती फिरले, वर बघितलं, खाली बघितलं, आणि म्हणाले, "भव्य!" आणि सरबत घ्यायला गेले.

दुपारी प्राचार्य पाहुण्यांना घेऊन आले. फोटो काढायचा होता. पाहुणे एका बाजूला, प्राचार्य दुसऱ्या बाजूला, मधे प्रोटीन. फोटोग्राफर म्हणाला, सर, स्माइल. प्राचार्यांनी हसून उजव्या हाताचा अंगठा वर केला. मूठ अगदी नवरा करायचा तशी, घट्ट आणि बरोबर. त्यांच्या अंगठ्याच्या मागेच ते डावं वळण वर चढत होतं. त्यांनी जरा मान वळवून बघितलं असतं तर पुरे होतं. फोटो झाला, ते पुढच्या टेबलाकडे गेले.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी पायरीवर बसले आणि रडले. खोलीसाठी रडले असं वाटलं तेव्हा. पण खरं म्हणजे दिवसभर शेकडो माणसं आली, हसली, छान म्हणाली, आणि एकालाही माझी चूक दिसली नाही, त्याचं रडू होतं ते. माझ्या घरातल्या भिंती निदान फोटो काढत नाहीत.

खोली गेली. नाताळच्या सुट्टीत मी सगळं खोक्यांत भरून घरी आणलं. इन्सुलिन आता देवघराखालच्या कपाटात आहे, निऱ्या गादीखाली. खोलीत काचेचं टेबल आलं, गुबगुबीत खुर्च्या आल्या, भिंतीवर स्वप्नं बघा असं लिहून आलं. पीळ तेवढा जिन्याच्या वळणावर राहिला, कारण तो हलवायचा तर परत चार माणसं लागणार आणि ती कोण बोलावणार. शिपाई त्याला आपली पिशवी अडकवून ठेवतो. पुठ्ठाही तसाच राहिला. मी येताजाता तिकडे बघायचं बंद केलं.

जानेवारीत एक दिवस मी दुपारचा तास संपवून खाली येत होते. तास म्हणजे काय, त्या दोन पोरी. वळणावर निळ्या टीशर्टातली एक मुलगी पिळासमोर उभी होती. समुपदेशनाला आलेली असणार, पाठीवर दप्तर होतं. मी वरच्या पायरीवर थांबले. तिने उजव्या हाताची मूठ केली होती. अंगठा वर. मान कलती करून ती बोटं हवेत फिरवत होती. मग थांबली, कपाळाला आठी घातली, आणि डावी मूठ केली. परत बघितलं. मी कठडा धरला.

तिने मला पाहिलं आणि पटकन हात खाली घेतले. "मॅम, हे तुम्ही लिहिलंय? मला सापडलीय चूक. पण आमची आई त्याला वेगळंच बोलते, तुम्ही हसाल."

"नाही हसत. सांग."

"हे माहेरी चाललंय."

मला पुढचं काही क्षण ऐकूच आलं नाही. ती बोलत होती. आई विठ्ठलवाडीला घरी ट्यूशन्स घेते, आईला कल्याणच्या कॉलेजात केमिस्ट्रीला एक सर होते, त्यांनी शिकवलेलं, आईने तिला शिकवलं. उजवं म्हणजे सासर, डावं म्हणजे माहेर. मेल्याने आमच्या घरातलं भांडण वर्गात नेलं होतं! मी समजत होते, ते फक्त आमचं आहे. आणि हा दरवर्षी फळ्यासमोर उभा राहून भरल्या वर्गाला माझी पिशवी आणि माझं फाटक सांगत होता.

"सर म्हणायचे, बायको चिडली की गेटमधून डावीकडे वळते," मुलगी हसत म्हणाली. "मग वर्गातून सगळे विचारायचे, मग सर, परत कशी येते? तर सर बोलायचे, परत कुठली येते, मलाच जावं लागतं आणायला. दर वेळी."

"खोटं!" माझा आवाज अख्ख्या जिन्यात घुमला. "साफ खोटं! एकदा, एकदा तरी आला का कळव्याला? मीच यायची. वाल-पापडी घेऊन, आपल्या पायांनी यायची. आणि हा मेला वर्गात बढाया मारतो? आणायला गेला म्हणे!"

शिपाई खालून धावत आला. मुलगी घाबरून पिळाला टेकली. मी डोळ्यांतलं पाणी पदराने पुसत होते आणि तरी माझं तोंड बंद होत नव्हतं. दोन वर्षांचं साठलेलं होतं.

बऱ्याच वेळाने तिने हळूच विचारलं, "मॅम, ते सर तुमचे कोण?"

"माझ्याशी भांडायचे ते," मी म्हणाले. "बस इथे पायरीवर. आता मला सांग, हे उजवं करायचं तर कुठून उसवायचं?"